दाजींची जोडटाकी

बंद पडलेल्या दगडखाणीच्या तळ्यावर त्यांना सगळेच दाजी म्हणायचे. खरं तर ते दाजी होते एकाच माणसाचे, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण त्या मेव्हण्याने पहिल्याच दिवशी काठावरून ‘अहो दाजी, माझा मास्क राहिला!’ अशी हाक मारली आणि ती हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. पाण्यात उतरणारी पंचवीस-तीस माणसं, त्यांतली निम्मी वयाने मोठी, आणि सगळी एका प्लंबरला दाजी म्हणत. “एवढ्या सगळ्यांच्या बहिणींशी माझं लग्न लागलं कधी?” असं दाजी घरी येऊन विचारायचे. त्यावर बायको म्हणायची, “एक निभावते आहे तेवढं पुरे झालं.”

दाजींचा धंदा नळाचा. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या, त्यांचे पाइप आणि व्हॉल्व यांत त्यांचा जन्म गेला होता. कुणाकडे जेवायला गेले, तरी हात धुताना बेसिनखाली वाकून बघितल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. कामाला चोख आणि अडल्यानडल्याला धावून जाणारा माणूस. दोष एकच. आपल्याला जमतं ते दुसऱ्याला जमत नसेल, तर तो मुद्दाम मनावर घेत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. हा दोष बऱ्याच हुशार कारागिरांत असतो. दाजींत तो जरा जास्तच होता, आणि तो त्यांना कुणी सांगितला नव्हता, कारण सांगेल असा एकच माणूस होता आणि तो स्वभावाने गरीब.

तो म्हणजे मेव्हणा. त्याचं बाजाराच्या मागच्या गल्लीत तीन खुर्च्यांचं सलून होतं. दिवसभर उभं राहून, हात खांद्याच्या वर धरून दुसऱ्यांचे केस कापायचे. बोलायचं गिऱ्हाइकाच्या कलाने, हसायचं त्याच्या विनोदाला. पाण्याशी त्याचा संबंध एवढाच, की केस धुवायला लागतं. तळ्यात उतरायची हौस त्याची नव्हतीच, दाजींची होती. खाणीवरच्या पंपघराची पाइपलाइन दुरुस्त करायला दाजी एकदा गेले, तिथल्या कुणीतरी हवेची टाकी पाठीला बांधून त्यांना दोन मीटर खाली नेऊन आणलं, आणि दाजी जे बिघडले ते बिघडलेच. पण तिथला नियम असा, की एकट्याने उतरायचं नाही. जोडीदार आणा, म्हणाले. दाजींनी आणला.

“दाजी, मला साधं पोहता येत नाही धड,” मेव्हणा म्हणाला होता.

“खाली पोहायचं नसतंच रे, श्वास घ्यायचा असतो. तो येतो ना तुला?”

तीन महिने दाजींनी त्याला धरून शिकवलं. पहिल्या पहिल्यांदा तो दाजींचा दंड असा पकडायचा, की वर आल्यावर चार बोटांचे वळ उमटलेले असायचे. पुढे भीती गेली. एकोणीस वर्षं, दर रविवारी सकाळी, ते दोघं त्या हिरव्या पाण्यात उतरले.

एका टाकीने उतरणाऱ्याचा हिशेब सोपा असतो. पाठीवर एक टाकी, तिला एक व्हॉल्व, आणि त्यातून निघालेल्या नळ्यांना दोन तोंडं. एक आपल्या तोंडात. दुसरं पिवळं, छातीवर टांगलेलं. ते पिवळं आपल्यासाठी नसतंच, जोडीदारासाठी असतं. त्याची हवा संपली तर त्याने आपल्यापुढे हात पसरायचा, आपण ते पिवळं तोंड त्याला द्यायचं आणि दोघांनी एकाच टाकीवर हळूहळू वर यायचं. आपली संपली तर उलट. म्हणजे प्रत्येकाचा राखीव श्वास दुसऱ्याच्या पाठीवर. म्हणून जोडीदारापासून हातभराच्या वर जायचं नाही, आणि दर चार-पाच श्वासांनी मान वळवून बघायचं, की आहे ना.

दाजी उजवीकडे, मेव्हणा डावीकडे, हे ठरून गेलेलं. उतरण्याआधी काठावर मेव्हणा दाजींची तपासणी करायचा. व्हॉल्व, नळ्या, पट्टे, बकलं, सगळं हाताने चाचपून. दोन्ही बाजूंचे कल्ले एका उंचीवर आलेत का, हे बघणाऱ्या माणसाचे हात ते. त्यांतून काही सुटायचं नाही. दाजी दोन्ही हात वर करून उभे राहायचे आणि म्हणायचे, “झाडाझडती आटप लवकर, पाणी आटेल.” एकोणीस वर्षांत एकदाही कुणाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. पण तो पसरला तर भरला जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्या भरवशावरच एवढा खेळ चालला होता.

मग तळ्यावर जोडटाकीवाली माणसं आली.

पाठीवर एक नाही, दोन टाक्या, एकमेकींना जोडलेल्या. वर आडवा पाइप, त्यावर तीन व्हॉल्व. उजव्या टाकीचा एक, डाव्या टाकीचा एक, आणि दोघींच्या मधोमध एक. एका बाजूने गळती लागली तर ती बाजू बंद करायची आणि दुसरीवर श्वास घ्यायचा. हवा दुप्पट, म्हणून मुक्काम लांबचा आणि खोलीही जास्त. तळ्याच्या तळाशी, एकतीस मीटरवर, खाण चालू असतानाचं दगड फोडायचं यंत्र गंजत पडलं होतं. एका टाकीवाल्यांना तिथपर्यंत जायची परवानगी नव्हती. ही मंडळी खुशाल जाऊन, त्याच्या जबड्यात हात घालून येत.

दाजींनी तो आडवा पाइप आणि ते तीन व्हॉल्व पाहिले आणि त्यांचं भान हरपलं. अहो, ही तर त्यांचीच विद्या! गच्चीवर दोन टाक्या जोडून मध्ये व्हॉल्व टाकायचं काम त्यांनी हजार वेळा केलेलं. घरी येऊन त्यांनी बायकोला कागदावर आकृती काढून दाखवली. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने कागद हातभर लांब धरला, जवळ आणला, आणि म्हणाली, “आकृती छान आहे. पण माझा भाऊ यात कुठे बसतो?”

“बसतो म्हणजे? तोही शिकेल.”

मेव्हण्याला मात्र हे नको होतं. त्याने ते सलूनमध्ये, दाजींच्या मानेवरचे केस काढता काढता, दबकत सांगितलंही. “आपण आहोत तसे काय वाईट आहोत, दाजी? वीस मीटरला मासे आहेत, पाण्यात बुडालेलं झाड आहे. त्या गंजक्या यंत्रात काय ठेवलंय?”

“तू ना, जन्मभर पायरीवरच बसणार.”

“आणि माझा हा हात जरा आखडतो हल्ली. वर जातो, पण मागे जात नाही.”

“तेल लाव,” दाजी म्हणाले, आणि विषय संपला.

हात नुसता आखडत नव्हता. वर्षानुवर्षं कात्री उंच धरून उजवा खांदा धरला होता. गिऱ्हाइकाची खुर्ची त्याने अलीकडे पार खाली घेतली होती, कोपर वर उचलावं लागू नये म्हणून. दाजी त्याच खुर्चीत बसले होते, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते, आणि तरी त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. डोक्यात व्हॉल्व होते.

मेव्हणा आला, कारण दाजींनी बोलावलं की तो येत असे. जोडटाकी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, अंगाने किरकोळ आणि शब्दाने वजनदार. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “इथे तुमचा राखीव श्वास तुमच्याच पाठीवर असतो. तेव्हा तिन्ही व्हॉल्व स्वतःच्या हाताने, पाण्याखाली, न बघता, बंद करून पुन्हा उघडता आले पाहिजेत. ज्याचा व्हॉल्व त्याने उघडायचा.”

दाजींचा हात मानेमागे असा जायचा, की जणू ते तिथे रोज काहीतरी ठेवत-काढत असावेत. बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तेव्हा दाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मेव्हणा टाक्या पाठीला लावून उभा राहिला की कपाट हलवणाऱ्या हमालासारखा दिसायचा. त्याला उजवा व्हॉल्व लागायचाच नाही. मग त्याने एक युक्ती काढली. डाव्या हाताने टाक्यांचं बूड वर ढकलायचं, पाठ वाकवायची आणि उजव्या हाताची दोन बोटं कशीबशी व्हॉल्ववर टेकवायची. दर वेळी दात-ओठ खाऊन. पाण्याबाहेर आला की तो कोपऱ्यात जाऊन खांदा दाबत बसे. दाजी तेवढ्या वेळात बाकीच्यांना व्हॉल्वचे प्रकार समजावून सांगत.

परीक्षेचा दिवस आला. तळ्यात सहा मीटरवर एक लोखंडी मचाण टांगलेलं होतं. त्यावर दोघांनी समोरासमोर गुडघे टेकायचे आणि एकेकाने तिन्ही व्हॉल्व फिरवून दाखवायचे. बाईंनी आधीच बजावलं होतं, “शेजाऱ्याने मदत केली, तर परीक्षा दोघांची रद्द. पुढच्या महिन्यात पुन्हा.”

दाजींचं चुटकीसरशी झालं. मग मेव्हण्याची पाळी. उजवा व्हॉल्व त्याने त्या युक्तीने बंद केला. तोंडातली हवा थांबली तसं गळ्यापाशी बांधलेलं, डाव्या टाकीचं दुसरं तोंड घेतलं. इथवर ठीक. आता बंद केलेला व्हॉल्व उघडायचा. त्याने हात मागे नेला आणि खांद्यात कळ आली. कळ अशी, की मास्कमागे त्याचे डोळे मिटले. त्याने पुन्हा हात नेला. नाही. पुन्हा. नाही. श्वास वाढला, बुडबुड्यांचा नुसता गोंधळ झाला, मास्कमध्ये पाणी शिरलं. जिवाला धोका नव्हता, डाव्या टाकीवर त्याचा श्वास चालू होता. पण वेदनेत सापडलेल्या माणसाला धोक्याचं मोजमाप कुठलं सुचायला?

त्याने दाजींकडे पाहिलं आणि डावा हात पुढे पसरला.

दाजी हातभर अंतरावर होते. नुसतं पुढे झुकून अंगठा आणि दोन बोटं लावायचा अवकाश, व्हॉल्व उघडला असता. हजारो व्हॉल्व उघडलेला माणूस तो. पण पुढच्या रविवारी जोडटाकीवाले यंत्रापर्यंत जाणार होते आणि दाजींचं नाव त्यांच्यात घातलेलं होतं. परीक्षा रद्द झाली असती, तर महिना गेला असता. दाजींनी मान हलवली, नाही म्हणून. हाताची घडी घातली. आणि तो पसरलेला हात दिसू नये म्हणून मचाणाच्या गजाकडे बघत राहिले.

किती वेळ गेला असेल? अर्धं मिनिट. बाईच पुढे झाल्या, त्यांनी व्हॉल्व उघडला आणि अंगठा वर केला, चला, वर.

काठावर बाईंनी दाजींना पास केलं. मेव्हण्याला म्हणाल्या, “खांदा डॉक्टरला दाखवा. तुमच्यात कमी काही नाही, हात तेवढा बरा होऊ दे.” तो मान डोलावून कपडे बदलायला गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच होते. दाजींना आतून कुठेतरी खात होतं. आणि दाजींसारख्या माणसाला आतून खायला लागलं, की तो तोंडाने दुसऱ्याला खातो. ते म्हणाले, “दिवसभर लोकांच्या डोक्यावर हात फिरवता येतो, आणि स्वतःच्या जिवासाठी तो एकदा मागे नेता येत नाही?”

मेव्हणा बाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला, “पुढच्या चौकात सोडा मला. थोडं सामान घ्यायचंय.” त्या चौकात काही मिळत नव्हतं. दाजींनी सोडलं.

भांडण असं झालंच नाही, हीच पंचाईत. भांडण झालं असतं, तर मिटवता तरी आलं असतं. मेव्हणा रविवारी यायचा बंद झाला एवढंच. ‘दुकानात गर्दी असते.’ घरच्या कार्यांत दोघं भेटत, ‘कसं काय दाजी’, ‘बरं आहे’ म्हणत आणि ताटावर बसत. दाजी केस कापायला दुसरीकडे जाऊ लागले. त्या खुर्चीत बसून आरशात त्याच्याशी नजर भिडवायची छाती नव्हती. नवीन सलूनवाला हाताने घाईचा होता. एकदा घरी सगळे जमले असताना मेव्हण्याने दाजींच्या डोक्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि न राहवून म्हणाला, “दाजी, तुमच्या उजव्या कल्ल्याची आणि डाव्या कल्ल्याची बऱ्याच दिवसांत गाठ पडलेली दिसत नाही.” सगळे हसले. दाजीही हसले. तेवढ्यात ‘उद्या येतो रे दुकानात’ म्हणायला हवं होतं. ओठांवर आलेलं ते वाक्य त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

“मला तुमच्या दोघांच्यात ओढू नका,” बायको म्हणायची. “पण एक सांगते, तो माझा भाऊ असला, तरी तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त यायचा. काय बोललात त्याला?”

“काही नाही.”

“मग तेच लागलं असेल,” ती म्हणायची, आणि चष्मा पुसायला घ्यायची.

इकडे दाजी यंत्रापर्यंत पोचले. एकदा नाही, वीसदा. त्याच्या जबड्यात हात घालून आले. बरोबरची माणसं तरबेज होती. एक दातांचा डॉक्टर, एक क्रेन चालवणारा, असे. वागायला सभ्य. पण पाण्यात प्रत्येक जण आपल्यापुरता पुरा. आठ-दहा हातांवर आपापल्या वाटेने जायचे, कुणी मान वळवून बघायचं नाही, कारण बघायची गरज नव्हती. काठावर प्रत्येक जण आपली आपण तपासणी करायचा. दाजींना पहिल्यांदा ते फार रुबाबदार वाटलं.

आता दाजींची एक खोड. गच्चीवरच्या जोडटाक्यांचं काम संपलं, की प्लंबर मधला व्हॉल्व बंद करून ठेवतो. एक टाकी गळली, तर दुसरीचं पाणी तरी शाबूत राहावं म्हणून. तीस वर्षांची सवय. दाजी घरी आपल्या जोडटाकीचाही मधला व्हॉल्व बंद करून ठेवत, आणि तळ्यावर गेल्यावर आठवणीने उघडत. बाईंनी असं करू नका म्हणून सांगितलं होतं. पण व्हॉल्वच्या बाबतीत दाजींना कोण शिकवणार?

दीड वर्ष झालं असेल. त्या रविवारी दाजी काठावर बोलण्याच्या नादात होते. दातांच्या डॉक्टरला समजावत होते, की नळाला वायसर कसा निवडावा. बोलता बोलता त्यांनी पट्टे आवळले, उजवा व्हॉल्व बघितला, डावा बघितला, हवेचा दाब दाखवणारा काटा बघितला. दोनशे, पूर्ण भरलेली. उतरले.

एकतीस मीटरवर, यंत्राच्या मागे, त्यांनी काट्याकडे पाहिलं. दोनशे. पाच मिनिटांनी पाहिलं. दोनशे. दहा मिनिटांनी, दोनशे. कुणाही शहाण्या माणसाच्या मनात पाल चुकचुकली असती. दाजींच्या मनात काय आलं? ‘हवा किती कमी लागते मला! याला म्हणतात मुरलेला माणूस.’ खरंच असं आलं. मधला व्हॉल्व बंद होता. श्वास उजव्या टाकीतून चालला होता आणि काटा डावीला जोडलेला होता. तो कशाला हलतोय?

विसाव्या मिनिटानंतर केव्हातरी श्वास जड झाला. पुढचा त्याहून जड. पुढचा आलाच नाही.

अशा वेळी गळ्यापाशी बांधलेलं दुसरं तोंड घ्यायचं, हे दाजींना पाठ होतं. डावी टाकी काठोकाठ भरलेली होती. पण शरीराला ते आधी आठवलं नाही. शरीराने एकोणीस वर्षांचं आठवलं. दाजींचा डावा हात आपोआप बाजूला गेला, पसरला, आणि तिथे नुसतं गार पाणी होतं. दाजींनी वळून पाहिलं. कुणी नाही. डॉक्टरच्या पायांतल्या फिन्स लांब, हिरव्या अंधारात, पाठमोऱ्या हलत होत्या. हात मात्र तसाच पसरलेला राहिला.

मग सुचलं. दुसरं तोंड घेतलं, श्वास आला, मागे हात नेऊन मधला व्हॉल्व उघडला. हवा सूंऽऽ करत एका टाकीतून दुसरीत गेली आणि काटा उतरत उतरत शंभरावर आला. सगळं मिळून दहा सेकंदांचा खेळ. बाईंनी पाहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. दाजी एकटेच सावकाश, थांबत थांबत वर आले.

“लवकर आलात?” डॉक्टरने नंतर विचारलं.

“कान दुखत होता.”

घरी येऊन दाजी न्हाणीघरात बसून राहिले. त्यांना रडू आलं, पण ते भीतीने नव्हे. त्या दहा सेकंदांत हात पसरलेल्या माणसाला समोर कुणी न दिसणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं होतं, आणि मेव्हण्याच्या समोर तर माणूस होता. हातभरावर होता. घरचा होता. आणि गजाकडे बघत होता. दाजींनी तोंडावर टॉवेल दाबून धरला. आपण नीच वागलो, हा शब्द त्यांनी मनाशी उच्चारला. त्याहून मवाळ शब्द त्यांना सापडला नाही.

मंगळवारी दुपारी ते सलूनमध्ये गेले. आधी दोन गिऱ्हाइकं होती. दाजी बाकावर बसून जुनं वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिले. नंबर आला. मेव्हण्याने चादर बांधली, डोक्यावरून कंगवा फिरवला आणि कपाळाला हात लावला.

“हे कुणी केलं, दाजी? तक्रार करायला हवी.”

“खांदा कसा आहे?”

“बराच बरा आहे. डॉक्टरने व्यायाम दिला होता. भिंतीवर बोटं चढवायची, रोज थोडी वर. आठ महिने लागले.”

दाजींना आठ महिन्यांचा पत्ता नव्हता. ते आरशात न बघता, मांडीवरच्या चादरीकडे बघत म्हणाले, “त्या दिवशी मचाणावर मी हात द्यायला हवा होता.”

कात्री चालू राहिली. “नियम होता ना, दाजी.”

“नियमाचं सोड. मला महिना घालवायचा नव्हता. म्हणून दिला नाही. आणि वर गाडीत तुलाच बोललो.”

आता कात्री थांबली. मेव्हण्याने दाजींच्या खांद्यावरचे केस ब्रशने झटकले, गरज नसताना दोनदा झटकले. “जाऊ द्या,” तो म्हणाला. “किती दिवसांची गोष्ट.”

“रविवारी येतोस? एका टाकीने. आपलं वीस मीटरचं झाड बघू. मी जोडटाकी काढून ठेवली.”

“येतो की,” मेव्हणा म्हणाला, एवढ्या सहज, की दाजींचा विश्वास बसेना. रस्त्याने जाताना ते दुकानांच्या काचांत स्वतःचे केस बघत गेले. घरी बायकोला म्हणाले, “येतोय तो.” शुक्रवारपासून दाजी जुन्या टाकीचे पट्टे पुसत होते, पिवळं तोंड गरम पाण्याने धुऊन पुन्हा पुन्हा फुंकून बघत होते. ते मेव्हण्यासाठी होतं.

रविवारी मेव्हणा वेळेवर आला. तोंडभर हसला, थट्टा केली, सगळं पहिल्यासारखं. काठावर दाजी दोन्ही हात वर करून उभे राहिले. मेव्हणा खाली बसून स्वतःची बकलं लावत होता. वर बघून म्हणाला, “झालं का तुमचं?” दाजींनी हात खाली घेतले आणि चाचपडत आपला व्हॉल्व आपणच तपासला. तेव्हा त्यांना मेव्हण्याच्या डाव्या बगलेखाली अडकवलेली छोटी टाकी दिसली. दुधाच्या बाटलीपेक्षा थोडी मोठी. तिला तिची नळी, तिचं तोंड, आणि व्हॉल्व छातीच्या पुढे, खांद्याला काही त्रास न होता हात पोचेल असा.

ते खाली गेले. झाड होतं, मासे होते, वरून ऊन आलं होतं. मेव्हणा आता फार सुरेख तरंगत होता. कुठे कुणाबरोबर सराव करत होता कोण जाणे. दाजी चार श्वासांनी मान वळवून बघत. मेव्हणा सहा-सात हातांवर, आपल्या नादात, फांदीखाली डोकावत होता. चाळीस मिनिटांत त्याने एकदाही दाजींकडे पाहिलं नाही. रुसून नव्हे. पाहायचं कारण उरलं नव्हतं.

वर आल्यावर दगडावर बसून दोघांनी फिन्स काढल्या. मेव्हणा खुशीत होता. “मजा आली, दाजी. उगीच इथे यायचं बंद केलं होतं मी.”

दाजींनी त्या छोट्या टाकीकडे बोट केलं. “ही कशाला आणलीस? माझ्याकडचं पिवळं होतं की तुझ्यासाठी.”

“होतं ना,” मेव्हणा म्हणाला. केसांतलं पाणी निथळवत, अगदी आपुलकीने, एखादं चांगलं दुकान सांगावं तसं. “पण ही असली की कुणाला त्रास द्यावा लागत नाही. मोकळं वाटतं. तुम्हीपण एक घेऊन टाका, दाजी. मी सांगतो कुठली घ्यायची ते.”

“सांग,” दाजी म्हणाले.